रायफलचं बेडिंग कोणाकडून करून घ्यावं? अमेरिकेतल्या नवख्या मराठी नेमबाजांसाठी

बेडिंग, म्हणजे रायफलचा धातूचा भाग दस्त्यात पक्का बसवण्याचं काम, पूर्ण झालं की दिसतच नाही. दोन स्क्रू आवळले, रायफल हातात आली, वरून पाहिलं तर आधी होती तशीच. आत कारागिराने मन लावून काम केलंय की नुसतं उरकलंय, हे कळायला एक तर ती पुन्हा खोलावी लागते, नाहीतर रेंजवर भरपूर गोळ्या खर्चाव्या लागतात. त्यामुळे इथे माणसाची पारख आधीच करायची. तो काय विचारतो, काय मोजतो, आणि कशाला सरळ नाही म्हणतो, यावर लक्ष ठेवायचं.

हा लेख अमेरिकेत राहून हरणाच्या शिकारीला किंवा शंभर-दोनशे यार्डांच्या रेंजवर बोल्ट ॲक्शन रायफल घेऊन जाऊ लागलेल्यांसाठी आहे. महाराष्ट्रात ५० मीटर प्रकारात खेळणाऱ्यांच्या रायफलींना आता बहुधा ॲल्युमिनियमचे दस्ते असतात. तिथे बेडिंगपेक्षा स्क्रू किती आवळायचे हाच प्रश्न जास्त. शिवाय भारतात शस्त्रांच्या दुरुस्तीच्या धंद्यालाही १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे परवाना लागतो. तेव्हा सुट्टीत गावी गेल्यावर मामांच्या परवान्याच्या बंदुकीचा दस्ता ओळखीच्या सुताराकडून ‘जरा नीट’ करून घेऊ, असलं काही मनात आणू नका.

बेडिंग म्हणजे नेमकं काय

रायफलचे दोन मोठे भाग. एक धातूचा, म्हणजे बॅरल (नळी) आणि तिला जोडलेली ॲक्शन, जिच्यात बोल्ट चालतो. दुसरा स्टॉक, म्हणजे आपला दस्ता. लाकडाचा, फायबरग्लासचा किंवा प्लॅस्टिकचा. ॲक्शन स्टॉकमधल्या खाचेत बसते आणि खालून दोन, कधी तीन स्क्रूंनी आवळली जाते. कारखान्यात कोरलेली ही खाच ॲक्शनच्या आकाराशी तंतोतंत जुळतेच असं नाही. न जुळणारी ॲक्शन डुगडुगणाऱ्या पाटासारखी असते. ती स्थिर करायला स्क्रू आवळावेत तर ती बसत नाही, वाकते. केसभरच वाकते, पण नेमाला तेवढं पुरतं.

दुसरी गोष्ट धक्क्याची. गोळी सुटली की ॲक्शन मागे सरकू पाहते आणि तिला रिकॉइल लग नावाचा स्टीलचा ठोकळा अडवतो. लगच्या मागच्या बाजूला टेकायला पक्की जागा नसेल तर ॲक्शन दर गोळीनंतर थोड्या वेगळ्या जागी येऊन बसते. बेडिंगमध्ये खाचेतला थोडा भाग कोरून काढतात, तिथे घट्ट इपॉक्सी, म्हणजे सुकल्यावर कडक होणारा गोंद, भरतात आणि त्यात ॲक्शन बसवून तिचाच साचा घेतात. इपॉक्सी पक्की झाली की ॲक्शनला तिची स्वतःची बैठक मिळते. सोबत स्क्रूच्या छिद्रांत धातूच्या नळ्या बसवल्या, म्हणजे आवळताना लाकूड दबत नाही, तर त्याला पिलर बेडिंग म्हणतात.

लाकूड हवेतला ओलावा पितं, ही यातली जुनी डोकेदुखी. अमेरिकन मरीन्सनी १९६६ मध्ये घेतलेली एम४० ही स्नायपर रायफल म्हणजे लाकडी स्टॉकातली रेमिंग्टन ७०० होती. व्हिएतनामच्या दमट हवेत ते लाकूड फुगून वाकायला लागलं आणि सत्तरच्या दशकात आलेल्या एम४०ए१ ला मॅकमिलनचा फायबरग्लासचा स्टॉक मिळाला. ह्यूस्टन किंवा फ्लोरिडात राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

पायरी १: आधी कागदपत्रं

ही पायरी रुक्ष आहे, पण आपल्या लोकांसाठी सगळ्यात महत्त्वाची. एच-१बी, एच-४, एफ-१ यांसारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्यांना अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा गोळ्या बाळगायला सर्वसाधारणपणे मनाई आहे. त्याला मोजके अपवाद आहेत. त्यातला नेहमी वापरला जाणारा म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचं वैध हंटिंग लायसन्स. वैध म्हणजे आजच्या तारखेला मुदत न संपलेलं. लायसन्सची मुदत संपली आणि रायफल कपाटातच राहिली, तर अडचण तुमची. ग्रीन कार्डवाल्यांना ही मनाई लागू नाही. त्यावर राज्याचे नियम वेगळे: इलिनॉयमध्ये बंदूक बाळगायला फॉइड कार्ड, म्हणजे राज्याचं बंदूकधारकाचं ओळखपत्र, लागतं, न्यू जर्सीत रायफल विकत घ्यायलाच ओळखपत्र लागतं. शंका असेल तर वकिलाला विचारा, रेंजवरच्या मित्राला नको.

गनस्मिथच्या, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराच्या, बाजूनेही कागद लागतात. दुरुस्तीचा धंदा करायला त्याच्याकडे केंद्रीय परवाना, म्हणजे एफएफएल, असावा लागतो. तुमची रायफल त्याच्याकडे रात्रभर राहणार असेल तर त्याने तिची नोंद वहीत करायची असते. ‘आपल्यात कशाला वही’ म्हणणारा कितीही गोड बोलला तरी तिथून निघा. आणि एक बारकावा: रायफल ज्याने दिली त्यानेच परत घ्यावी. दिलेल्या माणसालाच परत करताना फॉर्म ४४७३, म्हणजे बंदूक घेणाऱ्याने भरायचा केंद्रीय फॉर्म, भरावा लागत नाही. पण तुम्ही दिली आणि नवऱ्याला किंवा मेव्हण्याला आणायला पाठवलंत, तर त्यांना फॉर्म भरून पार्श्वभूमी तपासणीतून जावं लागेल.

एफएफएल म्हणजे कौशल्याचं प्रमाणपत्र नव्हे, एवढं मात्र ध्यानात ठेवा. त्यावरून फक्त धंदा कायदेशीर आहे इतकंच कळतं.

पायरी २: रोग बेडिंगचाच आहे का?

नेम बिघडला की नवखा माणूस थेट मोठ्या इलाजाकडे धावतो. त्याआधी स्कोप (नेमाची दुर्बीण) जिच्यावर बसते त्या रिंग आणि बेसचे स्क्रू टॉर्क रेंचने, म्हणजे ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्याने, तपासा. अचूकतेच्या बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात. मग स्टॉकचे दोन्ही स्क्रू. मग दोन-तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या गोळ्या वापरून प्रत्येकी पाच-पाच गोळ्यांचे ग्रुप (एकाच बिंदूवर नेम धरून मारलेल्या गोळ्या) घ्या, पुढे-मागे पिशव्यांचा पक्का आधार देऊन. शक्य असेल तर तुमच्यापेक्षा बऱ्या नेमबाजाच्या हाती रायफल देऊन बघा. यात अपमान वाटून घेण्यासारखं काही नाही.

बेडिंगचा दोष बहुधा असा दिसतो: एकाच ग्रुपमध्ये गोळ्यांचे दोन वेगळे पुंजके पडतात; किंवा रायफल स्टॉकमधून काढून पुन्हा बसवली की झीरो, म्हणजे स्कोपचा जुळवलेला नेम, हलतो; किंवा कोरड्या हवेत ठीक आणि पावसाळी हवेत भलतीकडे. बॅरल तापत जाईल तसतशा गोळ्या उभ्या रेषेत वर चढत असतील तर बॅरल पुढे कुठेतरी स्टॉकला टेकत असेल. त्यासाठी डॉलरची नोट बॅरल आणि स्टॉक यांच्या फटीतून मागे सरकवून बघा. अडली तर तिथे स्पर्श आहे. मात्र काही हलक्या शिकारी रायफलींना कारखान्यानेच मुद्दाम पुढच्या टोकाशी दाब ठेवलेला असतो, त्यामुळे सँडपेपर घेऊन लगेच घासायला बसू नका.

घरी डायल इंडिकेटर, म्हणजे सूक्ष्म हालचाल मोजणारं सुईचं उपकरण, असेल तर आणखी एक चाचणी करता येते. त्याचा चुंबकी पाया बॅरलवर ठेवायचा, टोक स्टॉकच्या पुढच्या भागाला टेकवायचं आणि पुढचा स्क्रू हळूहळू सैल करायचा. सुई ०.००२ इंचाच्या आत हलली तर बैठक चांगली मानतात. ०.००५ च्या पुढे गेली तर ॲक्शनवर ताण येतोय. मग मागच्या स्क्रूसाठी हेच. आकडा वहीत लिहून ठेवा, पुढे लागेल.

पायरी ३: आपली रायफल ओळखा

प्रत्येक रायफलची बैठक वेगळी असते. गनस्मिथला तुमचं मॉडेल ठाऊक आहे की नाही हे तुम्हालाच ताडता यायला हवं, म्हणून हे थोडं समजून घ्या.

रेमिंग्टन ७०० ची ॲक्शन गोल नळीसारखी, आणि रिकॉइल लग हा वेगळा तुकडा, बॅरल आणि ॲक्शन यांच्यामध्ये वायसरसारखा दाबून बसवलेला. गोल असल्यामुळे ती स्टॉकमध्ये फिरू पाहते, त्यामुळे बेडिंगचा फायदा इथे चटकन दिसतो. विंचेस्टर मॉडेल ७० चा तळ सपाट, लग अंगचाच, आणि स्क्रू तीन. त्यातला मधला फक्त टेकवायचा असतो, आवळला तर ॲक्शन वाकते. सॅव्हेज ११० मध्ये मागची शेपटी, म्हणजे टँग, स्टॉकला टेकूच द्यायची नसते. तिच्याखाली इपॉक्सी भरणाऱ्याला सॅव्हेज कळलेली नाही. रुगर एम७७ चा पुढचा स्क्रू तिरका असतो, तो ॲक्शनला खाली आणि मागे एकदम ओढतो, त्यामुळे साचा घेताना जास्त कसब लागतं. टिक्का टी३ मध्ये तर लग ॲक्शनला नसून स्टॉकात बसवलेला असतो आणि ॲक्शनला त्याच्यासाठी खाच असते.

स्टॉक कशाचा आहे हेही पाहा. अक्रोडाचं किंवा लॅमिनेटचं लाकूड आणि चांगला फायबरग्लास यांना इपॉक्सी पक्की धरते. स्वस्त रायफलींबरोबर येणाऱ्या, साच्यात ओतलेल्या प्लॅस्टिकच्या स्टॉकला ती नीट धरत नाही, आणि तो पुढच्या बाजूला हाताने दाबला तरी वाकतो. माझं स्पष्ट मत: अशा स्टॉकवर बेडिंगचे पैसे घालू नयेत, त्यात भर घालून चांगला स्टॉकच घ्यावा. एच-एस प्रिसिजन किंवा बेल अँड कार्लसन यांच्या स्टॉकांत ॲल्युमिनियमचा ब्लॉक आधीच असतो. तिथे बहुधा पातळ थराचं, म्हणजे स्किम बेडिंग पुरतं. कित्येकदा तेही लागत नाही.

पायरी ४: माणूस शोधायचा कुठे

सगळ्यात चांगली जागा म्हणजे जवळच्या रेंजवरच्या स्पर्धा. बेंचरेस्ट, एफ-क्लास किंवा हाय पॉवर खेळणाऱ्यांपैकी तीन-चार जणांना विचारा की तुमचं काम कोण करतं. एकच नाव दोनदा ऐकू आलं की तिथून सुरुवात करा. बंदुकीच्या दुकानातल्या काउंटरवर विचारलंत तर ते आपल्याच मागच्या खोलीतल्या माणसाचं नाव सांगणार. तो स्कोप बसवण्यात आणि ट्रिगर साफ करण्यात चांगला असू शकतो, पण बेडिंग वेगळं आहे.

गनस्मिथचं शिक्षण देणारी कॉलेजं अमेरिकेत आहेत. कोलोरॅडोतलं ट्रिनिडॅड स्टेट आणि कॅलिफोर्नियातलं लासेन ही त्यातली जुनी नावं. तिथून शिकलेला माणूस असेल तर उत्तमच, पण पदवीवर अडून बसू नका. या धंद्यातले कित्येक जाणते लोक दुसऱ्या कारागिराच्या हाताखाली शिकलेले असतात.

गावात कोणी नसेल तर रायफल दुसऱ्या राज्यातल्या परवानाधारक गनस्मिथकडे थेट पाठवता येते आणि तो दुरुस्त करून थेट तुम्हाला परतही पाठवू शकतो. अमेरिकेच्या सरकारी टपालाने रिकामी रायफल परवानाधारकाकडे पाठवता येते. खासगी कुरिअर कंपन्यांचे नियम जास्त कडक असतात, त्यांना आधी विचारा. गोळ्या टपालाने अजिबात पाठवायच्या नाहीत, डब्याच्या कोपऱ्यात राहिलेली एकसुद्धा नाही. स्कोप काढून घरी ठेवा.

पायरी ५: काय विचारायचं

फोनवर ‘बेडिंगचे किती घेता’ इथून सुरुवात केलीत तर दर कळेल, माणूस कळणार नाही. आपली अडचण सांगा, आणि गप्प राहून बघा तो काय विचारतो. चांगला गनस्मिथ विचारेल: मॉडेल कोणतं, स्टॉक कोणता, किती यार्डांवर, कोणत्या गोळ्या, ग्रुप कसा दिसतो, स्कोपचे स्क्रू तपासलेत का. लक्ष्याचे कागद घेऊन या, असंही म्हणेल. ‘घेऊन या, करून टाकू’ एवढंच म्हणणाऱ्याकडे घाई करू नका.

मग तुमची पाळी. प्रश्न पुष्कळ विचारता येतील, पण माझ्या मते एका प्रश्नात निम्मी परीक्षा होते: इपॉक्सी पक्की होत असताना तुम्ही ॲक्शन कशाने धरून ठेवता? बेडिंगचा सगळा हेतू ॲक्शनवरचा ताण काढणं हा आहे. ओल्या इपॉक्सीत ॲक्शन ठेवून स्क्रू करकचून आवळले तर ती वाकलेल्या अवस्थेतच साचा घेते आणि तो ताण कायमचा आत बसतो. म्हणून जाणते लोक स्क्रूंऐवजी बिनडोक्याचे मार्गदर्शक दांडे लावतात आणि ॲक्शन रबरी नळीने किंवा टेपने अलगद धरून ठेवतात. पिलर आधीच पक्के असतील तर काही जण स्क्रू फक्त बोटांनी टेकवतात. असं काही उत्तर मिळालं तर ऐकत राहा. ‘स्क्रू फुल टाइट करतो, हलायला नको ना’ असं मिळालं तर आभार माना आणि फोन ठेवा.

दुसरा प्रश्न लगचा. लगची मागची बाजू इपॉक्सीला पक्की टेकायला हवी. पुढे, दोन्ही बाजूंना आणि खाली मात्र थोडी मोकळीक हवी. त्यासाठी साचा घेण्यापूर्वी लगला टेपचे थर लावतात. टेप कुठे लावता, हे विचारलं की उत्तर लगेच यायला हवं. स्क्रूंची छिद्रं मोठी करून देता का, हेही विचारा. स्क्रूचं अंग छिद्राच्या कडेला घासलं तर स्क्रूच लगचं काम करू लागतो आणि केलेली मेहनत पाण्यात जाते.

इपॉक्सी कोणती वापरता याचं उत्तर मरीन-टेक्स, डेव्हकॉनची स्टील भरलेली पुट्टी, ब्राउनेल्सचं ॲक्राग्लास किंवा प्रो-बेड असं काहीही असू शकतं. या सगळ्यांनी उत्तम काम होतं आणि प्रत्येक कारागिराची आपली एक लाडकी असते. त्यावरून वाद घालू नका.

जमलं तर दुकानात जा आणि दुसऱ्या कोणाचं झालेलं बेडिंग स्टॉक उघडून दाखवायला सांगा, निदान फोटो. लगच्या कोपऱ्यांत हवेचे बुडबुडे राहून खड्डे पडलेत का ते पाहा. एखादा टाचणीएवढा चालतो, वाटाण्याएवढा नाही. कडा साफ आहेत का, मॅगझिनच्या खाचेत ओघळ राहिलेत का. वरच्या चकचकीत पॉलिशला भुलू नका, त्याचा नेमाशी संबंध नाही.

आणखी एक, जरा खोडकर प्रश्न: ॲक्शन कधी इपॉक्सीत अडकली होती का? एखाद्या छिद्रात इपॉक्सी शिरून आत कुलूप लागल्यासारखं होतं, आणि मग ॲक्शन काढायला स्टॉक फोडावा लागू शकतो. ते टाळायला सगळी छिद्रं आणि खोबणी मऊ मातीने बुजवतात, ट्रिगर काढून ठेवतात, धातूला मेण किंवा इपॉक्सी चिकटू न देणारा रिलीज एजंट लावतात. हे सगळं कसं करतो ते जुना कारागीर रंगवून सांगेल. ‘मला काय विचारता’ म्हणून चिडणाऱ्याच्या हाती माझी रायफल मी देणार नाही.

आणि शेवटी विचारा, ‘माझ्या रायफलला खरंच गरज आहे का?’ आधी डायल इंडिकेटर लावून मोजू, मग ठरवू, असं म्हणणारा मिळाला तर शोध थांबवायला हरकत नाही. मोजून ‘गरज नाही’ म्हणाला, तर त्या मोजणीचे पैसे आनंदाने द्या.

पायरी ६: काम सोपवताना

सगळं लेखी असू द्या: स्किम की पूर्ण, पिलरसह की शिवाय, बॅरलचा मुळाजवळचा इंचभर भाग बेड करायचा की पूर्ण मोकळा ठेवायचा, दर आणि तारीख. आधी मोजलेला आकडा त्याच कागदावर लिहा. स्टॉकवर आधीच ओरखडे असतील तर त्याच्यासमोर फोटो काढा. रायफलवर कंपनीची वॉरंटी असेल तर बदल केल्यावर ती राहते का, हे कंपनीला विचारून घ्या.

वेळेचं गणित सांभाळा. बऱ्याच राज्यांत हरणाच्या रायफल शिकारीचा हंगाम ऑक्टोबर ते डिसेंबरच्या दरम्यान येतो आणि सप्टेंबरात प्रत्येक गनस्मिथकडे रांग लागते. हंगाम संपला की जानेवारी-फेब्रुवारीत रायफल द्या. कारागिरालाही सवड असते आणि तुम्हाला उन्हाळाभर रेंजवर खात्री करून घेता येते. नुसती इपॉक्सी पक्की व्हायलाच किमान एक दिवस-रात्र लागते, कोरणं आणि साफसफाई वेगळी. तेव्हा ‘सकाळी द्या, संध्याकाळी न्या’ हे बेडिंगच्या बाबतीत चांगलं लक्षण नाही.

पायरी ७: परत घेताना

दुकानातच, त्याच्यासमोर, इंडिकेटरची चाचणी पुन्हा करायला सांगा आणि नवा आकडा जुन्याशेजारी लिहा. बोल्ट सहज चालतो का, मॅगझिन बसतं का, सेफ्टी आणि ट्रिगर ठीक आहेत का, हे रिकाम्या रायफलवर बघा. स्क्रू किती आवळायचे हा आकडा त्याच्याकडून मागून घ्या. ॲल्युमिनियमच्या ब्लॉकवर किंवा पिलरवर ६५ इंच-पाउंड हा आकडा बऱ्याचदा ऐकू येईल, पिलर नसलेल्या लाकडात त्याहून बराच कमी. पण तुमच्या रायफलसाठी त्याने दिलेला आकडाच धरा. इंच-पाउंड, फूट-पाउंड नव्हे! गाडीची चाकं आवळायचा रेंच यासाठी घेतलात तर स्क्रू तुटून हातात येईल.

मग रेंज. झीरो हललेला असणार, तो आधी लावून घ्या. त्यानंतर पूर्वीच्याच गोळ्या, तेवढंच अंतर, तोच आधार, पाच-पाचचे तीन-चार ग्रुप. दोन पुंजक्यांचा एक झाला का, हे बघायचं. ग्रुप लहान झाला नाही पण दर वेळी एकाच जागी पडतोय, तर बेडिंगने आपलं काम केलंय. उरलेला दोष गोळ्यांत, बॅरलमध्ये किंवा आपल्या खांद्यात शोधा. आधी नव्हते ते दोन पुंजके आता दिसत असतील तर कागद जपून ठेवा, स्क्रू एकदा ठरल्या आकड्यावर आवळून पुन्हा मारून बघा, आणि फरक पडला नाही तर कागद घेऊन परत जा. चांगला गनस्मिथ कागद बघून आधी पुढचा स्क्रू सैल करेल आणि इंडिकेटर लावेल.

घरी आल्यावर उगाच कौतुकाने दर आठवड्याला ॲक्शन बाहेर काढू नका. पावसात चिंब भिजली असेल, किंवा हंगाम संपल्यावर गंजाची शंका असेल, तरच काढा, आणि बसवताना तोच टॉर्क. साफ करताना सॉल्व्हंट खाली बैठकीत ओघळू देऊ नका. रायफल उलटी धरून किंवा बोअर गाइड नावाच्या नळीतून सफाईचा दांडा घालून साफ करा.